मुंबईत गाडीवर चलान पडलं तर: नव्याने आलेल्यांसाठी

सांगली, नाशिक, अमरावती, कुठूनही नोकरीसाठी मुंबईत आलेला माणूस जरा स्थिरावला की गावाकडची गाडी इकडे आणतो. मग एक दिवस मोबाइलवर मेसेज येतो, की अमुक नंबरच्या गाडीने अमुक ठिकाणी नियम मोडला. आमच्या गोरेगावच्या सोसायटीत असे मेसेज घेऊन लोक माझ्याकडे येतात, कारण वाहतूक पोलिसांचं वरळीचं मुख्यालय, आरटीओ आणि दंडाधिकाऱ्यांचं कोर्ट, या तिन्ही ठिकाणच्या पायऱ्या मी चढून आलोय. सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "किती भरायचे?"

हा प्रश्न खरं तर तिसरा-चौथा असायला हवा. दंड बहुतेक वेळा पाचशे-हजाराच्या घरात असतो. पण त्याच चलानापायी लायसन्स तीन महिने जाऊ शकतं, आरटीओतला व्यवहार अडू शकतो, कधी थेट कोर्टात उभं राहावं लागतं. आपलं प्रकरण यातलं कुठलं, हे आधी ओळखायचं. पैशाचं नंतर.

१. गाडीच्या नोंदीत तुमचाच मोबाइल नंबर आहे का?

मुंबईत ई-चलान २०१६ पासून सुरू आहे, २०१९ पासून ते राज्यभर आलं. सिग्नलवरच्या कॅमेऱ्याने किंवा चौकातल्या हवालदाराने फोटो काढला की मेसेज जातो तो आरसीच्या नोंदीत असलेल्या मोबाइल नंबरवर. आता गाडी बाबांच्या नावावर, नंबर शोरूमच्या माणसाने स्वतःचाच टाकलेला, आणि गाडी चालवणारे तुम्ही अंधेरीत. अशी गाडी मी पाहिली आहे, तिच्यावर चलानांची माळ लागली होती आणि घरात कुणाला पत्ता नव्हता.

परिवहन खात्याच्या केंद्रीय पोर्टलवर 'वाहन' विभागात मोबाइल नंबर बदलायची सोय आहे. गाडीचा नंबर, चेसिस नंबर, इंजिन नंबर हाताशी ठेवून बसा. लायसन्सची नोंद 'सारथी' विभागात वेगळी असते, तिथलाही नंबर बदला. एक बदलला की दुसरा आपोआप बदलत नाही, इथे पुष्कळ जण फसतात.

पत्ता बदलला असेल तर आरसीवरच्या पत्त्यासाठी कायद्यात तीस दिवसांची मुदत आहे. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल, म्हणजे बेळगावची किंवा इंदूरची, आणि ती बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे राहणार असेल, तर मूळ आरटीओची एनओसी आणून इथे नव्याने नोंदणी करावी लागते, रोड टॅक्सही इथला भरावा लागतो. मुंबईत ताडदेव म्हणजे एमएच ०१, अंधेरी एमएच ०२, वडाळा एमएच ०३ आणि बोरिवली एमएच ४७. राहता त्या भागाचं आरटीओ धरा.

२. चलान खरं आहे का ते बघा

मेसेजमधल्या लिंकवर बोट ठेवायचं नाही. हा नियम पाळलात तर बाकी काही नाही पाळलं तरी चालेल, असं म्हणण्याइतका तो महत्त्वाचा आहे. व्हॉट्सॲपवर 'आरटीओ चलान' अशा नावाची एपीके फाइल येते. ती उघडली की मोबाइलमध्ये भलतंच ॲप बसतं, ओटीपी तिकडे वाचले जातात आणि बँक खातं रिकामं होतं. खरं चलान कधीही फाइल बसवायला सांगत नाही.

राज्याची अधिकृत साइट आहे 'महाट्रॅफिक ई-चलान', पत्ता जीओव्ही डॉट इनने संपतो. पत्त्याच्या शेवटी दुसरं काही दिसलं तर बंद करा. 'महाट्रॅफिक' नावाचं ॲपही आहे. साइटवर गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की थकलेली सगळी चलानं, तारीख, ठिकाण, गुन्हा आणि फोटो समोर येतात. परराज्यात गाडी फिरली असेल तर केंद्राचं परिवहन ई-चलान पोर्टल वेगळं आहे, तेही बघून घ्या.

फोटो उघडून बघाच. बहुतेक जण रक्कम बघतात आणि फोटो बघतच नाहीत.

३. गुन्हा कुठल्या खणातला?

मी सगळे गुन्हे तीन खणांत टाकतो. कायद्याच्या पुस्तकात अशी मांडणी सापडणार नाही, पण कामाला येते.

पहिला खण: पैसे भरले, विषय संपला. सीट बेल्ट, चुकीचं पार्किंग, नंबर प्लेट धड नसणं, झेब्रा क्रॉसिंगवर गाडी उभी करणं असे गुन्हे. केंद्राचा सुधारित मोटार वाहन कायदा २०१९ चा. महाराष्ट्राने त्याचे तडजोड दर, म्हणजे कोर्टात न जाता भरून मिटवायच्या रकमा, २०२१ च्या डिसेंबरात लागू केले. त्यानुसार नो पार्किंगला पहिल्यांदा ५०० आणि पुन्हा पकडले गेलात तर १,५०० रुपये. सीट बेल्टला २००. विमा नसेल तर पहिल्या वेळी २,००० आणि दुसऱ्या वेळी ४,०००. विमा नसणं मी पहिल्या खणात नाइलाजाने टाकतोय. चलानापुरता तो इथे बसतो, अपघात झाला तर सगळं घर उपसून काढतो. त्याबद्दल पुढे.

दुसरा खण: पैसे भरलेत तरी लायसन्सवर टांगती तलवार. हेल्मेट नसणं आणि ट्रिपल सीट हे यातले रोजचे दोन. हेल्मेटचा दंड महाराष्ट्रात ५०० आहे, ट्रिपल सीटचा १,०००. पण दोन्हींसाठी कायद्यात तीन महिने लायसन्स अपात्र ठरवण्याची तरतूद आहे, आणि पाचशे भरले म्हणून ती पुसली जात नाही. मुंबईत मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचं आहे, ९ जून २०२२ पासून. गावाकडून आलेल्यांना हेच पटत नाही. "मागे बसलेल्याला कशाला?" असं हवालदाराला विचारून उपयोग नाही, कायद्यात चार वर्षांवरच्या प्रत्येकाला आहे. कारमध्ये मागच्या सीटवर बसणाऱ्यांनाही मुंबईत १ नोव्हेंबर २०२२ पासून बेल्ट लावावा लागतो, पण तो गुन्हा पहिल्या खणातला.

वेगमर्यादाही इथेच. हलक्या वाहनाला कायद्याने १,००० ते २,००० रुपये दंड आहे, आणि दुसऱ्यांदा सापडलात तर लायसन्स जप्त करायची तरतूद आहे.

तिसरा खण: रस्त्यावर पैसे भरून सुटका नाही, किंवा सुटका होईल याचा भरवसा नाही. दारू पिऊन गाडी चालवणं यात सगळ्यात वर. मग धोकादायक ड्रायव्हिंग, कलम १८४. लाल सिग्नल तोडणं, हातात फोन धरून बोलणं, उलट्या दिशेने येणं हे सगळं या कलमाच्या स्पष्टीकरणात नावानिशी लिहिलेलं आहे. शिक्षा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. एरवी सिग्नलचं चलान साध्या दंडावर निभावतं, पण कलम कुठलं लावायचं हे समोरच्या अधिकाऱ्याच्या हातात असतं, आणि तुमची त्या वेळची वागणूकही तो बघत असतो.

उलट्या दिशेचं मुंबईत विशेष सांभाळा. यू-टर्न पुढे आहे म्हणून पन्नास मीटर उलटं येणं गावात कुणी मनावर घेत नाही. इथे बेदरकार वाहन चालवण्याचा गुन्हा नोंदवला जातो, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम २८१, पूर्वीचं २७९. हे चलान नव्हे, एफआयआर आहे. पुढे पासपोर्टच्या पडताळणीत आणि नोकरीच्या फॉर्मवर त्याचा उल्लेख करावा लागतो.

याच खणात आणखी एक गुन्हा आहे, तो आईवडिलांचा. सोसायटीतली दहावी-अकरावीची पोरं क्लासला स्कूटर घेऊन जातात. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये हे वाचून दाखवलं तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी स्कूटर होत्याच.

४. मुंबईचे खास सापळे

दुचाकीवाल्यांनी हा भाग नीट वाचावा. वांद्रे-वरळी सागरी सेतू, कोस्टल रोड, ईस्टर्न फ्रीवे आणि अटल सेतू, या चारही ठिकाणी दुचाकीला बंदी आहे. ते तोंडावरच लिहिलेलं असतं, त्यामुळे सहसा कुणी चुकत नाही. चुकतात ते जे.जे. उड्डाणपुलावर. तिथेही दुचाकी बंद आहे. पण क्रॉफर्ड मार्केटकडून भायखळ्याकडे जाताना मोबाइलवरचा नकाशा कारच्या मोडवर असला, तर तो सरळ पुलावर चढायला सांगतो. मागे बस हॉर्न देते, फलक बाजूला राहतो, आणि चढलात की मध्ये वळायला जागा नाही. पूल उतरताना पोलीस उभे असले की निमूट बाजूला घ्यायची. नकाशात दुचाकीचा पर्याय वेगळा आहे, निघण्याआधी तो निवडा.

कारवाल्यांसाठी सापळा वेगाचा. सागरी सेतूवर मर्यादा ताशी ८० किलोमीटर. कोस्टल रोडवर सरळ भागात ८०, बोगद्यात ६० आणि चढ-उताराच्या वळणांवर ४०. अटल सेतूवर १००. रस्ता मोकळा, गाडी नवी, बाजूला समुद्र, आणि काटा कधी पुढे सरकतो कळत नाही. बोगद्यातून बाहेर पडलं की सगळे पाय दाबतात आणि थोड्याच वेळात वळणाचा उतार येतो, तिथे जपा. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवरही आता कॅमेऱ्यांची यंत्रणा आहे, त्यामुळे वीकएंडला लोणावळ्याला जाऊन आलात की सोमवारी साइट बघा.

तिसरा सापळा सिग्नलच्या पांढऱ्या पट्टीचा. सिग्नल पिवळा झाला, ब्रेक मारला, गाडी थांबली, पण पुढचं चाक पट्टीच्या पलीकडे. तुमच्या लेखी तुम्ही थांबलात. कॅमेऱ्याच्या लेखी चाक रेषेपलीकडे आहे. पावसाळ्यात पट्टी चिखलाने झाकलेली असते, तेव्हा झेब्रा क्रॉसिंगच्या बरंच अलीकडे थांबायची सवय लावा. मागचा हॉर्न वाजवेल. वाजवू द्या.

५. रस्त्यात थांबवलं तर

गाडी डावीकडे घ्या, इंजिन बंद करा. हे दाखवावं लागतं:

- लायसन्स
- आरसी
- चालू विमा
- पीयूसी
- रिक्षा-टॅक्सी-टेम्पो असेल तर परमिट आणि फिटनेस

डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमधली कागदपत्रं चालतात, केंद्रीय मोटार वाहन नियमांत तशी तरतूद आहे. कागदाचा साधा फोटो गॅलरीत ठेवला असेल तर तो मात्र त्यात मोडत नाही, आणि वाद इथेच होतो. बेसमेंटमध्ये किंवा बोगद्याच्या तोंडाशी रेंज नसते, म्हणून ॲप घरीच उघडून कागदपत्रं आत आणून ठेवा.

लर्निंग लायसन्सवर असाल तर गाडीला 'एल' हवा आणि शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस हवा. एकट्याने निघालात तर ते विनालायसन्स धरलं जाऊ शकतं, आणि त्याचा दंड ५,००० रुपये आहे. गाडी दुसऱ्याची असेल तर ज्याने दिली त्याच्यावरही वेगळी कारवाई होते. लायसन्सच नसेल तर गाडी ताब्यात घ्यायचा अधिकारही पोलिसांना आहे.

पैसे तिथेच भरायचे असतील तर ई-चलान मशिनवर, आणि मेसेज आल्याशिवाय हलायचं नाही. 'पावती नको, दोनशे द्या' असं कुणी सुचवलं तर चलानच करायला सांगा. तुम्ही स्वतःहून असं सुचवणं हा तर वेगळाच गुन्हा आहे. तिथल्या तिथे भरायची सक्ती नाही, नंतर साइटवर भरता येतात.

आणि हुज्जत घालू नका. हवालदाराच्या अंगावर हात गेला, मशिन हिसकावली, गाडी त्याच्या पायाशी नेऊन थांबवली, की पाचशेच्या चलानाचा सरकारी कर्मचाऱ्यावर हल्ल्याचा गुन्हा होतो. त्यात जामीन पोलीस ठाण्यात मिळत नाही, कोर्टात जावं लागतं. मोबाइलवर शूटिंग करत "तुमचं नाव सांगा" म्हणणारे मी पाहिलेत, शेवटी चौकीत त्यांचाच दिवस गेला. नाव-नंबर छातीवर असतो, तो वाचा, वेळ आणि ठिकाण लक्षात ठेवा. भांडायचं ते कागदावर.

६. चलान चुकीचं असेल तर

आमच्या मजल्यावरच्या काकूंच्या स्कूटरवर दक्षिण मुंबईतल्या एका चौकातलं चलान आलं. काकू स्कूटर स्टेशनपलीकडे कधी नेत नाहीत. फोटो मोठा करून बघितला तर मोटरसायकल होती, मागे दुधाचा क्रेट बांधलेला, आणि नंबरातल्या ८ च्या अर्ध्या भागावर गंज चढून तो ३ झालेला. असली प्रकरणं सुटतात, पण पुरावा तुम्हीच द्यायचा असतो.

महाट्रॅफिक ॲपमध्ये चलानाविरुद्ध तक्रार नोंदवता येते. त्यासाठी लागतं:

- चलान नंबर आणि चलानातल्या फोटोचा स्क्रीनशॉट
- आरसी, त्यात गाडीचा रंग आणि मॉडेल दिसेल अशी
- तुमच्या गाडीचे पुढून-मागून ताजे फोटो, नंबर प्लेट स्पष्ट
- त्या वेळी गाडी दुसरीकडे होती याचा पुरावा: सोसायटीचं सीसीटीव्ही, ऑफिसच्या पार्किंगची पावती, फास्टॅगची नोंद

तक्रारीत गोष्ट सांगू नका, फरक सांगा. 'माझी गाडी स्कूटर, रंग राखाडी. फोटोतली मोटरसायकल, रंग काळा.' बस्स. अन्यायाची कैफियत कुणी वाचत नाही. ॲपवर दाद लागली नाही तर वरळीच्या वाहतूक मुख्यालयात लेखी अर्ज घेऊन जा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच नसलेला अर्ज दिला नाही असंच समजायचं.

दुसरा मुद्दा पुराव्याचा. २०२१ साली केंद्रीय नियमांत १६७ ए हा नियम आला. कॅमेऱ्याने केलेल्या चलानात फोटो, तारीख, वेळ, ठिकाण आणि मोडलेलं कलम द्यावं लागतं, आणि अशा कॅमेऱ्याच्या जागेआधी वाहनचालकाला दिसेल असा फलक लागतो. फोटोत नंबर वाचता येत नसेल किंवा गुन्हाच दिसत नसेल, तर तक्रारीत या नियमाचा उल्लेख करा.

तुमच्या गाडीचा नंबर लावून दुसरीच गाडी कुणी फिरवतंय असा संशय असेल, म्हणजे मॉडेल-रंगही तोच पण गाडी तुमची नाही, तर चलानाची तक्रार पुरत नाही. जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. उद्या त्या गाडीने कुणाला उडवलं तर पोलीस आधी तुमच्या दारात येतील.

७. भरायचं कधी, लोकअदालतीची वाट बघायची का?

चूक आपली असेल तर लगेच भरा. थकलेल्या चलानांमुळे गाडीचे आरटीओतले व्यवहार अडतात, आणि प्रकरण कोर्टाकडे गेलं की पाचशे रुपयांसाठी अर्धा दिवस सुट्टी टाकावी लागते.

राष्ट्रीय लोकअदालतीच्या, म्हणजे तडजोडीने प्रकरणं मिटवणाऱ्या कोर्टाच्या, आधी थकबाकीदारांना मेसेजने नोटीस जाते. नोटीस खरी असते, पण तिच्यासोबत 'निम्म्यात मिटवा, इथे क्लिक करा' असे फॉरवर्डही फिरतात. माफी मिळेल म्हणून वर्षभर चलान तसंच ठेवणारे भेटतात, मला तो हिशेब पटत नाही. लोकअदालतीत मिटलेल्या प्रकरणावर अपील नसतं, एवढं लक्षात ठेवून जा. चलानाची प्रिंट, आरसी, ओळखपत्र सोबत न्या.

८. दारू

नाकाबंदीत फुंकायला सांगतात. नळी नवी, सीलबंद आहे ना हे बघायला हरकत नाही, मागितली तर बदलून देतात. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल. 'एकच बिअर घेतली' याला मोजमापात अर्थ नाही, मशिनवर आकडा येतो. फुंकायला नकार दिलात तर सुटका नाही, वॉरंटशिवाय अटक करून वैद्यकीय तपासणीला नेण्याचा अधिकार पोलिसांना आहे.

पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. हे चलान साइटवर भरून मिटत नाही, दंडाधिकाऱ्यांपुढे जावंच लागतं. गाडी न प्यायलेल्या आणि लायसन्स असलेल्या माणसाच्या हाती दिली जाते. असा माणूस नसेल तर गाडी तिथेच राहते आणि तुम्ही रात्री दोनला टॅक्सी शोधता. म्हणजे जी टॅक्सी आधीच करायची होती तीच.

कोर्टाच्या दिवशी समन्स किंवा नोटीस, ओळखपत्र आणि आरसी सोबत ठेवा, लायसन्स ताब्यात घेतलं असेल तर त्याची पावती. सकाळी वेळेवर पोहोचा आणि नाव पुकारेपर्यंत दालनाबाहेर थांबा, चहाला लांब जाऊ नका. गैरहजर राहिलात तर वॉरंट निघू शकतं. दाराशी 'साहेब, मी मिटवून देतो' म्हणणारे भेटतात, त्यांना टाळा. गुन्हा कबूल करायचा की नाही हे वकिलाला विचारूनच ठरवा, कारण कबुलीची नोंद राहते आणि पुढचा गुन्हा 'दुसरा' धरला जातो.

९. लायसन्स निलंबनाची नोटीस

हेल्मेट, वेग, दारू, धोकादायक ड्रायव्हिंग अशा गुन्ह्यांत पोलीस लायसन्स आरटीओकडे पाठवू शकतात. आरटीओ निलंबनाआधी तुमचं म्हणणं ऐकून घेतं, म्हणून नोटिशीला उत्तर द्या. गप्प राहिलात तर निर्णय एकतर्फी होतो. निर्णयाविरुद्ध तीस दिवसांत अपील करता येतं. लायसन्स परत देण्याआधी उजळणी प्रशिक्षण घ्यायला सांगू शकतात.

या काळात गाडीला हात लावू नका. अपात्र असताना चालवण्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड आहे. पोटापाण्यासाठी गाडी चालवणाऱ्यांना, म्हणजे डिलिव्हरी आणि टॅक्सीवाल्यांना, तीन महिने म्हणजे उपासमार. त्यांनी पाचशेच्या हेल्मेट चलानाला सगळ्यात जास्त घाबरावं.

१०. अपघात झाला तर

थांबा. जखमीला दवाखान्यात न्या किंवा १०८ ला फोन करा, पोलिसांना कळवा, लगेच जमलं नाही तर चोवीस तासांच्या आत. विमा कंपनीलाही लेखी कळवा. मार खायची भीती वाटत असेल तर थेट जवळच्या पोलीस ठाण्यात जा, पण पळून घरी जाऊ नका. निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर न्याय संहितेत पाच वर्षांपर्यंत कैद आहे.

विम्याचं मघाशी म्हटलं ते इथे. जखमीची भरपाई मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ठरवतं आणि ती लाखांत जाते. विमा चालू असेल तर कंपनी देते. विमा संपलेला असेल तर गाडीमालकाच्या खिशातून जाते. विमा आहे पण चालवणाऱ्याकडे लायसन्स नव्हतं, तर अनेकदा कंपनी आधी जखमीला पैसे देते आणि मग तेच तुमच्याकडून वसूल करते. मित्राला 'जरा नाक्यापर्यंत' गाडी देताना हे आठवावं.

११. जुनी गाडी घेताना आणि विकताना

घेणाऱ्याने टोकन देण्याआधी चलान साइटवर गाडीचा नंबर टाकावा. थकबाकी असेल तर ती विकणाऱ्याला भरायला लावा आणि भरल्याची पावती बघूनच पुढे जा. 'किमतीतून वजा करू' यात पडू नका.

विकणाऱ्याने चावी देताना फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्याव्यात, हस्तांतराची सूचना राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांत आरटीओला द्यावी, आणि 'वाहन'च्या साइटवर मालकाचं नाव बदललं का ते स्वतः तपासावं. डीलर 'आम्ही करून घेतो' म्हणतो आणि गाडी महिनोन्‌महिने तुमच्याच नावावर कुठल्या तरी टॅक्सी स्टँडवर धावत असते. तोवर चलान तुमच्या मोबाइलवर, आणि अपघात झाला तर न्यायाधिकरणाची नोटीसही तुमच्या पत्त्यावर. डिलिव्हरी नोटवर तारीख तर लिहाच, पण वेळसुद्धा लिहून घ्या, कारण संध्याकाळी सातला गाडी दिली आणि साडेआठचं चलान आलं तर तेवढी एक ओळच तुमच्या बाजूने बोलते.